विहिरीच्या स्फोटानंतर सीटी नॉर्मल, पण दाजींचा त्रास चालूच. मेंदूला मार लागलाय का हे रक्तावरून कळतं का?

मोहोळचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. सोलापूर, पंढरपूर, बार्शी साईडचं कुणी डॉक्टर किंवा लॅबमधलं असेल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा, जरा मोठं झालंय.

माझे दाजी विहिरीच्या ब्लास्टिंगचं काम करतात. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला, जिथं काम निघेल तिथं. कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर घेऊन जायचं, होल मारायची, तोटे भरायचे, बार उडवायचे, मग यारी लावून दगड वर काढायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून याच लाईनला आहेत. वीसेक दिवसांमागं एका विहिरीवर सगळे बार उडाले असं समजून हे काठावर गेले आणि एक राहिलेला बार तेवढ्यात उडाला. दगड लागला नाही, पण हवेचा असा दणका बसला की डोक्याचा टॉवेल उडून मागं पडला आणि हे आहे तिथंच खाली बसले. सोबतचे म्हणतात हाका मारल्या तरी नुसतं तोंडाकडं बघत होते, उत्तर देत नव्हते, थोड्या वेळानं बोलायला लागले आणि मग दोनदा उलटी झाली. डाव्या कानातनं बारीक रक्त आलं होतं, ते टॉवेलानं पुसून टाकलं.

दवाखान्यात नेलं तेव्हा सोबत मुकादम होता, त्यानं सांगितलं पाय घसरून पडले, आणि केसपेपरवर तेच आलं. डोक्याचा सीटी केला, नॉर्मल. गोळ्या देऊन घरी पाठवलं.

आता ताई रोज फोन करून रडतीय. डोकं दिवसभर दुखायलंय, कानात सारखा घूं आवाज, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागेच. कुकरची शिट्टी झाली तरी डोकं धरून बसतात. पोरांवर कधी आवाज चढवला नाही असा माणूस, परवा पोरीनं ताटली पाडली तर अंगावर धावून गेले आणि नंतर स्वतःच कोपऱ्यात बसून राहिले. मजुरांचा हप्ता तोंडपाठ असायचा त्यांना, कुणाची किती उचल, कुणाचे किती खाडे, सगळं. आता वही उघडून तीच ओळ परत परत वाचत्यात.

ठेकेदार म्हणतो रिपोर्ट नॉर्मल आहे, कामावर यायचं नाही म्हणून नाटक लावलंय. हे ऐकून दाजी अजूनच गप्प झाले.

मी एका व्हिडिओत बघितलं की अमेरिकेत फौजेसाठी रक्ताची टेस्ट काढलीय, १५ मिनिटांत कळतं मेंदूला मार आहे का नाही. ती सोलापुरात होते का? पुण्याला न्यावं लागेल का? आणि इतके दिवस झाल्यावर केली तर दाखवेल का? ठेकेदाराच्या तोंडावर मारायला काहीतरी कागद पाहिजे हो.

---

बाळे_नाका

भाऊ पुण्यामुंबईच्या लॅबचे ऑनलाईन पॅकेज असतात, घरी येऊन रक्त घेतात. त्यात एनएसई आणि एस-१०० अशा दोन टेस्ट बघितल्यात मी यादीत, दोन्ही मेंदूच्याच आहेत. करून टाका, शंका नको.

---

होटगीरोड_लॅब

बाळे_नाका भाऊ, तुम्ही मदतीच्याच भावनेनं सांगितलंय पण कृपा करून त्यांना या खर्चात पाडू नका. मी लॅब टेक्निशियन आहे, त्या दोन्ही टेस्टचे सॅम्पल आमच्याकडनं बाहेर जातात म्हणून सांगते. एनएसई आपल्याकडं बहुतेक वेळा कॅन्सरसाठी लिहितात, फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी आणि काही ट्यूमरसाठी. एस-१०० मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरसाठी. यादीत नाव दिसलं म्हणजे ती टेस्ट आपल्या कामाची असं होत नाही.

एनएसईची मोठी अडचण सांगते. हे एंझाईम मेंदूच्या पेशींत असतं तसं लाल पेशींत पण भरपूर असतं. सुई नीट लागली नाही, सिरिंज जोरात ओढली, ट्यूब खडखडा हलवली की लाल पेशी फुटतात आणि सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की वरचं सीरम पिवळसर दिसायच्या ऐवजी गुलाबी दिसतं. त्या गुलाबी सीरमवर एनएसई लावली की ती वाढलेलीच येणार, मेंदूला काही झालेलं असो की नसो. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात डब्यात घालून दिवसभर फिरलेलं सॅम्पल तर विचारूच नका.

एस१००बी या प्रोटीनचं काम जरा वेगळं. नॉर्वे-स्वीडनकडच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात डोक्याला किरकोळ मार लागलेल्या पेशंटमध्ये ही टेस्ट वापरतात, पण मार लागल्यापासून ६ तासांच्या आत, आणि लेव्हल ०.१० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर सीटी न करता सोडता येतं का एवढं ठरवायला. सहा तास. तुमचे वीस दिवस झालेत. शिवाय हे प्रोटीन चरबीत, कूर्चेत पण असतं, त्यामुळं हाड मोडलं, अंगाला मुका मार लागला तरी वाढतं. स्फोटात फक्त डोक्यालाच लागलं असं क्वचितच असतं, म्हणून स्फोटाच्या केसमध्ये ही टेस्ट अजूनच अवघड होऊन बसते.

तुम्ही व्हिडिओत बघितलेली टेस्ट बहुतेक जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या दोन प्रोटीनची असणार. जीएफएपी हे मेंदूतल्या अॅस्ट्रोसाईट नावाच्या आधार देणाऱ्या पेशींचं, आणि यूसीएच-एल१ हे न्यूरॉनचं. मार लागला की दोन्ही रक्तात उतरतात पण वेगवेगळ्या चालीनं. यूसीएच-एल१ लवकर चढतं, साधारण आठ तासांत टोकाला जातं आणि उतरायला लागतं. जीएफएपी वीस-चोवीस तासांत टोकाला जातं आणि आठवडाभर तरी सापडू शकतं. म्हणजे कधी काढलेलं रक्त हे माहीत नसेल तर आकड्याला काही अर्थ नाही. आमच्याकडं फॉर्मवर मार लागल्याची वेळ कुणी लिहीतच नाही, मी प्रत्येकाला विचारून लिहिते.

वीस दिवसांनी या दोघांत काही दिसेल अशी आशा धरू नका. पुढचं डॉक्टर लोक सांगतील.

---

कॅज्युअल्टी_नाईट

मी इमर्जन्सीला काम करतो, सोलापुरातच. वर ताईंनी लॅबची बाजू अगदी बरोबर मांडलीय. मी ती टेस्ट नेमकी कशासाठी निघाली ते सांगतो, कारण व्हिडिओवाले तिथंच घोळ घालतात.

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-टेस्टना परवानगी देणाऱ्या तिकडच्या सरकारी खात्यानं, फेब्रुवारी २०१८ मध्ये या दोन प्रोटीनच्या टेस्टला पहिली परवानगी दिली. मागं पैसा तिकडच्या संरक्षण खात्याचा होता, कारण इराक-अफगाणिस्तानात रस्त्याकडेच्या स्फोटांतून जिवंत परत आलेल्या सैनिकांच्या डोक्याचं काय करायचं हा त्यांचा मोठा प्रश्न होता. पण परवानगी देताना जो आधार धरला तो १,९४७ रक्ताच्या नमुन्यांचा, आणि ते आले इमर्जन्सीत आलेल्या साध्या पेशंटकडून, म्हणजे गाडीचा अपघात, पडझड वगैरे. आणि प्रश्न एकच विचारला होता: या माणसाच्या सीटीत काही दिसेल का? टेस्ट निगेटिव्ह असेल तर सीटीत काही नसण्याची खात्री ९९.६ टक्के. हे भारी आहे, यात वाद नाही. फुकटचं रेडिएशन वाचतं, आणि जिथं सीटी मशीनच नाही अशा ठिकाणी कुणाला आधी हलवायचं ते कळतं. पुढं २०२४ मध्ये हातात धरायच्या मशीनवर नसेतून काढलेल्या रक्तावर १५ मिनिटांत होणारी टेस्ट पण पास झाली, तीच तुमच्या व्हिडिओत असणार. ती १८ वर्षांवरच्या पेशंटला, शुद्धीवर असलेल्या किंवा किंचित गुंगीत असलेल्या, आणि मार लागल्यापासून २४ तासांच्या आत करायची आहे.

आता उलट बाजू. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे मेंदूला मार आहेच असं नाही. त्याच अभ्यासात ज्यांचा सीटी स्वच्छ होता त्यातल्या जेमतेम ३६ टक्के लोकांची टेस्ट निगेटिव्ह आली, बाकीच्यांची स्वच्छ सीटी असून पॉझिटिव्ह. ब्रेन हॅमरेजच्या स्ट्रोकमध्ये पण जीएफएपी चढतं. म्हणजे ही टेस्ट "नाही" सांगायला चांगली, "हो" सांगायला कच्ची. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर ती देते तो प्रश्न दाजींच्या बाबतीत आधीच संपलाय, कारण त्यांचा सीटी झालाय.

तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: सीटी नॉर्मल असून मेंदूला इजा असू शकते का? असू शकते. हे छातीठोकपणे सांगतो. सीटी रक्तस्राव, फ्रॅक्चर, सूज दाखवायला आहे. मेंदूला बसलेला सौम्य मार, ज्याला आम्ही माईल्ड टीबीआय किंवा कन्कशन म्हणतो, त्यात बहुतेकांचा सीटी नॉर्मलच येतो, ती त्या आजाराची रीतच आहे. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय नावाच्या मोठ्या अभ्यासाचा २०१९ चा रिपोर्ट बघा, सीटी नॉर्मल आलेल्या ४५० जणांचा नंतर एमआरआय केला तर १२० जणांत इजा सापडली, म्हणजे २७ टक्के. आणि त्यांचं पहिल्या दिवशीचं जीएफएपी बाकीच्यांपेक्षा चांगलंच जास्त होतं. जीएफएपीचा खरा उपयोग पुढं इथंच होईल असं मला वाटतं, कुणाचा एमआरआय करायचा हे ठरवायला.

स्फोटाचं अजून एक वेगळं आहे. आम्ही स्फोटाच्या इजेचे भाग पाडतो. पहिला नुसत्या दाबाच्या लाटेचा, दुसरा उडालेल्या दगड-पत्र्याचा, तिसरा माणूस फेकला जाऊन आपटण्याचा, चौथा भाजणं-धूर वगैरे बाकीचा. दाजींना पहिला बसलाय, थोडा तिसरा. पहिल्याची खूण अंगावर दिसत नाही, कान सोडून. कानाचा पडदा हा दाबाच्या लाटेपुढं शरीरातला सगळ्यात नाजूक भाग, ३५ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे ५ पीएसआय दाबाला फाटू शकतो. तुम्ही लिहिलंय डाव्या कानातनं रक्त आलं. भाऊ, ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे तुमच्या पोस्टमधली आणि ती केसपेपरवर नाहीच. पडदा शाबूत असेल म्हणून मेंदू सुरक्षित असं नाही, पण कानातनं रक्त आलं म्हणजे दाबाची लाट तिथपर्यंत आली होती याची ती खूण असू शकते. कानातनं रक्त कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरमध्ये पण येतं, म्हणून सीटीची फिल्म परत एकदा त्या नजरेनं बघायला लावा. पाय घसरून पडला असं ऐकल्यावर कॅज्युअल्टीतला पोरगा कान कशाला बघेल?

उद्याच कानाच्या डॉक्टरकडं न्या. पडदा बघायला सांगा, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करा, चक्कर येत असेल तर तेही सांगा.

---

मोहोळचा_पाहुणा

डॉक्टर, होटगीरोड ताई, तुमचे उपकार कसे फेडू. एवढं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. ताईला वाचून दाखवलं.

एक विचारू का, मग वीस दिवसांनंतर दाखवेल अशी कुठलीच रक्ताची टेस्ट नाही का जगात? आणि दाजी ह्या धक्क्याच्या आधीपण वर्षानुवर्षं बारांच्या जवळच असायचे. तो धक्का मोजायचा का? ताई म्हणती मागच्या वर्षीपासूनच विसरायला लागलेत थोडं थोडं.

---

फौजी_मंगळवेढा

पाहुणे, शेवटच्या ओळीवर मी बोलतो. मी आर्टिलरीत होतो, देवळालीला शिकलो, मग १३० एमएम गनवर बरीच वर्षं काढली. गन फायर झाली की कानाच्या आधी छातीला कळतं. दिवसभर फायरिंग झालं की संध्याकाळी डोकं जड, जेवायची वासना नाही, आपल्याच जोडीदाराचं नाव पटकन आठवत नाही. सकाळी उठलं की बरं वाटायचं, म्हणून कुणी कधी बोललं नाही. बोलणाऱ्याला हलका समजायचे.

हे नवीन नाही. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून आलेली पोरं थरथरायची, बोलायची बंद व्हायची, अंगावर जखम नाही. चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरनं १९१५ मध्ये त्यावर लिहिलं, शेल शॉक म्हणून. तेव्हापासून भांडण चालूय, हे डोक्यातलं का मनातलं. काहींना भित्रे म्हणून शिक्षा पण झाल्या. तुमच्या ठेकेदाराचं "नाटक" हे त्याच जातीचं.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या डॅनियल पर्ल यांच्या टीमनं स्फोटात सापडलेल्या आणि पुढं वारलेल्या सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. मेंदूची वरची कड, रक्तवाहिन्यांच्या भोवतीची जागा, मेंदूतलं पाणी जिथं असतं त्याच्या काठाला, करडा आणि पांढरा भाग जिथं भेटतात तिथं, असे व्रण सापडले. नुसत्या आपटण्याच्या केसमध्ये तशी मांडणी नव्हती. आणि व्रण कुठल्या पेशींचे, तर ताईंनी वर लिहिल्यात त्याच अॅस्ट्रोसाईटचे. जिवंतपणी केलेल्या साध्या स्कॅनमध्ये हे दिसत नाही. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, माझ्या युनिटमधले दोघंतिघं डोळ्यापुढं आले.

दुसरं सांगतो. ८ जानेवारी २०२० ला इराणनं इराकमधल्या अल-असद तळावर मिसाईल टाकली. पहिल्यांदा जाहीर केलं की एकाही अमेरिकन सैनिकाला इजा नाही. मग ३४ झाले, मग ५०, मग ६४, शेवटी ११० जणांना मेंदूची इजा असल्याचं निदान झालं. त्यातली बरीच पोरं बंकरमध्ये होती, अंगावर जखम दिसत नव्हती. डोकेदुखी, उलटी, उजेड सहन न होणं हे बऱ्याच जणांना नंतर सुरू झालं. म्हणजे जगातली सगळ्यात पैसेवाली फौज, त्यांचे डॉक्टर जागेवर हजर, आणि तरी पहिल्या दिवशी आकडा शून्य. मग मोहोळच्या विहिरीवर दाजींचं कोण काय ओळखणार होतं.

दाजींना म्हणावं मंगळवेढ्याचा एक फौजी म्हणतो तुम्ही खोटं बोलत नाही.

---

कॅज्युअल्टी_नाईट

फौजी काका, सलाम. तुम्ही अल-असद आणलंत ते फार बरं केलंत.

पाहुणे, तुमच्या दोन्ही प्रश्नांवर. वीस दिवसांनी रक्तात रेंगाळणारं एक प्रोटीन आहे, न्यूरोफिलामेंट लाईट, सगळे एनएफएल म्हणतात. मज्जातंतूच्या लांब दोऱ्याचा तो सांगाडा. दोरा तुटला, झिजला की हे हळूहळू रक्तात येतं, दिवसागणिक चढतं आणि आठवडे, कधी महिने टिकतं. कागदावर बघितलं तर तुमच्यासाठी हेच योग्य वाटेल. पण अडचण अशी की वयाबरोबर ते आपोआप वाढतं, किडनी कमजोर असेल तरी वाढतं, मज्जातंतूंच्या कितीतरी दुसऱ्या आजारांत वाढतं. शंभर पेशंटच्या गटाची शंभर निरोगी लोकांशी तुलना करायला हे झकास, पण समोर बसलेल्या एका माणसाला "तुझा आकडा इतका म्हणजे तुला त्या दिवशीच्या बारानं इजा झाली" असं सांगायला नाही. दाजींचा अपघाताच्या आधीचा आकडा आपल्याकडं असता तर गोष्ट वेगळी होती.

आणि नेमकं हेच वारंवार बसणाऱ्या छोट्या धक्क्यांच्या बाबतीत लागू आहे. दरवाजे स्फोटानं फोडायचं ट्रेनिंग घेणारे सैनिक असतात, ब्रीचर म्हणतात त्यांना, त्यांच्यावर बराच अभ्यास झालाय. ट्रेनिंगच्या आधी, मधे, नंतर रक्त काढायचं, अंगावर दाब मोजायचे सेन्सर लावायचे. काही अभ्यासांत आकडे चढले, काहींत नाही, काहींत उलटे उतरले. एकसारखा पॅटर्न हाती लागलेला नाही. पण काही जणांना डोकेदुखी, विसराळूपणा, मंदपणा जाणवतो हे नक्की, म्हणून २०२४ मध्ये तिकडच्या संरक्षण खात्यानं हुकूम काढला की सैनिकांची स्मरणशक्ती-एकाग्रतेची चाचणी आधीच करून ठेवायची आणि ४ पीएसआयच्या वर दाब बसेल तिथं काळजी घ्यायची. रक्ताच्या टेस्टची वाट बघत बसले नाहीत ते. आपल्याकडं विहिरीवर, खडी क्रशरवर, फटाक्याच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना किती दाब बसतो हे कोण मोजतंय? मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. माझ्या ड्युटीला असे लोक येतात, हात भाजलेला असतो म्हणून हाताला मलम लागतं, डोक्याचं कुणी विचारत नाही.

तेव्हा आत्ता काय करायचं. न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जनला दाखवा आणि सगळ्यात आधी सांगा की हा स्फोट होता, पडणं नव्हतं. त्यांना योग्य वाटलं तर एमआरआय होईल, त्यात एसडब्ल्यूआय नावाचा एक सिक्वेन्स असतो, बारीक रक्ताचे ठिपके त्यात दिसतात, तो घेतायत ना विचारा. एमआरआय पण नॉर्मल आला तरी हबकून जाऊ नका. कन्कशनचं निदान आजही गोष्ट ऐकून, तपासून आणि चाचणी घेऊनच होतं. धक्क्यानंतर हाक मारली तरी कळत नव्हतं, गोंधळ होता, उलट्या झाल्या, हेच निदानाचे निकष आहेत. मे २०२५ मध्ये डोक्याच्या इजेची नवी मांडणी आलीय, तिच्यात नुसतं माईल्ड-सिव्हिअर न म्हणता लक्षणं, रक्तातले मार्कर, स्कॅन आणि त्या माणसाची बाकीची परिस्थिती अशा चारही बाजू बघायच्या म्हणतात. रक्त त्यातली एक बाजू, एकटीनं निकाल द्यायचा नाही.

झोप, चिडचिड, दचकणं यासाठी सायकियाट्रीला पाठवलं तर अपमान समजू नका. मेंदूचा मार आणि मनावरचा धक्का दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी असतात, आणि झोप लागायला लागली की डोकेदुखी पण उतरते असं मी बघितलंय.

आणि हे नीट वाचा: डोकेदुखी रोज वाढत चालली, परत उलट्या सुरू झाल्या, गुंगी यायला लागली, बोलताना जीभ अडखळली, एका बाजूच्या हातापायातली ताकद गेली किंवा फिट आली तर रात्र असो दिवस असो थेट कॅज्युअल्टी गाठा. मेंदूच्या कवचाखाली हळूहळू रक्त साठून दोन-तीन आठवड्यांनी त्रास देऊ शकतं, पहिल्या दिवशीचा सीटी नॉर्मल असला तरी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर अजून जास्त जपा.

---

अक्कलकोट_रोड_कामगार

डॉक्टरांनी दवापाण्याचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. एमआयडीसीत युनियनचं काम केलंय बरीच वर्षं.

ठेकेदाराच्या तोंडावर रक्ताचा रिपोर्ट मारून काही होणार नाही, तो म्हणणार हे दुसऱ्याच कशानं वाढलं, आणि वर डॉक्टर म्हणतात तसं असेल तर त्याला खोटं पाडता पण येणार नाही. तुमचा कागद वेगळा आहे. एक, त्या दिवशी विहिरीवर कोण कोण होतं त्यांची नावं, आणि त्यांनी काय बघितलं ते त्यांच्या सहीनिशी, आत्ताच, लोक कामावर पांगायच्या आत. दोन, केसपेपरवर "पडून मार" लिहिलंय तिथं जाऊन लेखी अर्ज द्या की हा स्फोट होता, माहिती चुकीची दिली गेली, आणि अर्जाची पोच घ्या. स्फोटाची केस ही एमएलसी होते, मेडिको-लीगल म्हणजे पोलिसांना कळवायची, ते मुकादमाला पक्कं माहीत असणार म्हणूनच पाय घसरला म्हणाला. तीन, कानाच्या डॉक्टरचा रिपोर्ट. पडदा फाटलाय असं निघालं तर पाय घसरून कानाचा पडदा कसा फाटला हे ठेकेदारानं सांगावं.

भरपाईचा कायदा १९२३ चा होता, कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आलीय, ठेकेदाराच्या माणसालाही भरपाई लागू होते. लेखी नोटीस लवकर द्या, दावा दोन वर्षांच्या आत. आणि बार उडवणाऱ्याकडं ब्लास्टरचं लायसन होतं का तेही विचारा, स्फोटकांचं खातं नागपुरात बसतं.

---

होटगीरोड_लॅब

ताईंसाठी एक. त्यांना रोजची एक वही करायला सांगा. किती झोपले, डोकं कधी दुखलं, काय विसरले, कशावर चिडले, तारीख टाकून. "हप्त्याची वही उघडून तीच ओळ परत वाचत होते" हे वाक्य तुम्ही इथं लिहिलंत ना, तसंच लिहायचं, डॉक्टरला नुसतं "विसरतात" म्हणण्यापेक्षा ते दहापट उपयोगी पडतं. साखर, थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन आमच्यासारख्या कुठल्याही साध्या लॅबमध्ये करून घ्या, विसरभोळेपणा आणि थकवा यांच्यामुळं पण येतो, आणि ते लवकर सुधारता येतं. तुमचे पैसे या टेस्टवर जाऊ देत.

---

मोहोळचा_पाहुणा

आज कानाच्या डॉक्टरकडं नेलं होतं. डाव्या पडद्याला भोक आहे. त्यांनी लिहून दिलंय की स्फोटाच्या दाबानं झालेलं असू शकतं, दोन महिन्यांनी परत बघू, आपोआप भरतं म्हणाले बऱ्याचदा, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. उजव्या कानाला पण वरच्या आवाजाचं कमी ऐकू येतंय, ते म्हणाले हे जुनं आहे, कामाचं.

दाजींना फौजी काकांचा निरोप वाचून दाखवला. आधी काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्यांना विचार त्यांच्या कानात आवाज यायचा का.

न्यूरोची सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय. विहिरीवरचे तिघं सही द्यायला तयार आहेत, एक जण घाबरतोय. डॉक्टर एकच शेवटचं, दाजी म्हणतात घरात बसून डोकं फिरायलंय, बारापाशी नाही जात, नुसता ट्रॅक्टर चालवायला जाऊ का. जाऊ द्यावं का?

---

फौजी_मंगळवेढा

कानात आवाज यायचा. अजून येतो, रात्री पंखा लावून झोपतो मी, पंख्याच्या आवाजात तो दबतो. त्यांना सांगा करून बघा.

---

कॅज्युअल्टी_नाईट

सोमवारपर्यंत ट्रॅक्टर नको, मोटरसायकल पण नको. लक्ष क्षणभर सुटतं आणि ते त्यांना स्वतःला कळत नाही. पण अंधाऱ्या खोलीत झोपवून पण ठेवू नका, ते जुनं झालं. सकाळ-संध्याकाळ शेतात चालू दे, घरातलं हलकं काम करू दे, डोकं दुखायला लागलं की थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी थोडं वाढवायचं. दारू असेल तर पूर्ण बंद. बाराजवळ मात्र लक्षणं पूर्ण जाऊन न्यूरोच्या डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय अजिबात नाही, पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो जास्त महागात पडतो.

सोमवारी जाताना सीटीची फिल्म, कानाचा रिपोर्ट, ताईंची वही, आणि त्या दिवशी सोबत असलेला एक माणूस घेऊन जा. भान किती वेळ हरपलं होतं हे दाजी स्वतः सांगू शकणार नाहीत, ते त्यानंच सांगायचंय. एमआरआय लिहून दिला तर रिक्वेस्टच्या कागदावर "स्फोटाच्या दाबाची इजा" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे फिल्म वाचणारा त्या नजरेनं बघेल. रिपोर्ट आला की इथं टाका.